आधी पाय, मग पोट, मग खांदे

मावशींच्या कोपराला पाणी कळतं, माणसं मात्र कळत नाहीत, असं त्यांची थोरली बहीण म्हणायची. थोरलीला चिडवायला निमित्त लागत नसे. पण पाण्याबद्दल ती म्हणायची ते खरं होतं. टब भरला की मावशी उजवी बाही वर सारायच्या, कोपर पाण्यात बुडवायच्या, दोन श्वास थांबायच्या आणि म्हणायच्या, "सदतीस." मग कुणी थर्मामीटर घालून पाहिला तर सदतीसच निघायचं, फार तर अर्धा अंश इकडे-तिकडे. अठरा वर्षांत त्यांचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्या काम करायच्या ते त्वचेच्या जुनाट दुखण्यांचं उपचारगृह होतं. जमिनीखालून येणारं खारं पाणी गरम करून टबात सोडायचं, त्यात पेशंटला वीस मिनिटं बसवायचं, मग अंगाला काळी माती लावायची, ती वाळली की धुऊन तेल चोळायचं आणि शेवटी जांभळ्या दिव्यांच्या खोलीत थोडा वेळ उभं करायचं, असा सगळा क्रम होता. येणाऱ्यांमध्ये सोरायसिसवाले जास्त. आठवड्यातून एकदा डॉक्टरबाई यायच्या, त्या प्रत्येकाला स्पष्ट सांगायच्या की हे दुखणं जन्माचं आहे, पाण्याने ते आवरतं, जात नाही. दारावरच्या पाटीवर मात्र मॅनेजरांनी 'नवी कांती, नवं आयुष्य' असं लिहून घेतलं होतं. माणसं डॉक्टरबाईंचं ऐकून घ्यायची आणि विश्वास पाटीवर ठेवायची. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्याची कातडी रोज चादरीवर सांडते त्याने पाटी वाचू नये तर काय करावं.

पाणी यंत्राने न मोजता कोपराने बघायचं ही तिथली जुनी रीत. चट्ट्यांनी भरलेल्या माणसाला पाण्याची आधीच धास्ती असते. यंत्राने आकडा दाखवला तरी तो काठावर घुटमळतो. पण दुसऱ्या कुणी आपला उघडा कोपर आधी पाण्यात घातलेला दिसला की त्याच्या जिवात जीव येतो. आणि उतरायचीही रीत होती. आधी पाय, मग पोट, मग खांदे. म्हणजे टबाच्या काठावर बसून पाय गुडघ्याखालपर्यंत पाण्यात सोडायचे, पाच मिनिटं तसंच बसायचं, अंगाला सवय झाली की मग खाली सरकायचं. खारं पाणी पहिल्यांदा चावतं. मावशी प्रत्येक नव्या पेशंटला सांगायच्या, "पहिली पाच मिनिटं चावेल, ती सोसायची. सोसलं की पुढे सुख आहे." हे वाक्य त्यांनी किती जणांना सांगितलं असेल त्याची गणती नाही.

मावशींचं वय सत्तावन्न. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, घरी थोरली आणि त्या अशा दोघीच. घर चालायचं ते मावशींच्या ह्या कोपरावर, असं म्हटलं तरी चालेल.

आणि त्याच कोपरावर सव्वा वर्षापूर्वी तो आला.

आधी एक रुपयाएवढा लाल ठिपका. मावशींनी मनाशी म्हटलं, घासलं असेल कुठेतरी. मग त्यावर पांढरट खपली धरली. मग डाव्या कोपरावरही तसंच. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या अंगावर जे पाहिलं ते ओळखायला त्यांना डॉक्टर लागणार नव्हता. तरी त्या लांबच्या एका दवाखान्यात गेल्या, जिथे कुणी ओळखणार नाही अशा. तिथल्या डॉक्टरने टॉर्च मारून पाहिलं आणि जे मावशींना पाठ होतं तेच ऐकवलं. सोरायसिस. लागट नाही. बरा होत नाही. ताण घेऊ नका.

ताण घेऊ नका म्हणायला त्याचं काय जात होतं. दोनच वर्षांपूर्वी माती लावणाऱ्या एका कामगाराच्या हातावर पांढरे डाग दिसायला लागले, तर मॅनेजरांनी त्याला आठ दिवसांत निरोप दिला. "तुमचा काही दोष नाही हो," ते म्हणाले होते, "पण टकल्या माणसाने केसांचं तेल विकायला बसावं तसं दिसतं ते. पेशंटनी कुणाकडे बघून विश्वास ठेवायचा?" सगळे हसले होते. मावशीही हसल्या होत्या. ते हसणं आता त्यांना रोज आठवायचं.

थोरली रोज संध्याकाळी त्यांच्या कोपरांना मलम चोळायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "अगं, तुझं ते पाणी लाव की. एवढी दुनिया त्यात बसून जाते." तिने सहज, चेष्टेत विचारलं होतं. मावशींनी दुसरा कोपर पुढे केला. ताटलीतलं मलम संपवून दोघी झोपायला गेल्या, आणि हा विषय पुन्हा निघाला नाही.

तेव्हापासून मावशी एप्रनच्या आत लांब बाह्यांचा स्वेटर घालायला लागल्या. खांदा धरलाय, असं सांगितलं. पेशंट यायच्या आधीच टब भरून ठेवायच्या. कुणी "कोपर नाही घातलात?" विचारलं तर "आत्ताच घातला की" म्हणायच्या. पण खरी पंचाईत वेगळीच होती. खपली जशी जाड झाली तसं कोपराला पाणी कळेनासं झालं. सगळं कोमटच लागायचं. तळहात तर वर्षानुवर्षं गरम पाण्यात राहून कधीच बधिर झालेले. शेवटी त्यांनी एका दुकानातून लहान बाळांच्या टबात टाकायचा थर्मामीटर आणला. प्लास्टिकचा निळा मासा होता तो, पोटावर आकडे. टब भरला की मासा सोडायचा, सदतीस झालं की उचलून एप्रनच्या खिशात टाकायचा. वर्षभर त्या माशाने त्यांची अब्रू राखली. ताकास तूर लागू दिली नाही.

आता टेलरबाईचं.

टेलरबाई चाळिशीची. बारा वर्षांपासून येणारी, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी पहिल्या वेळेला. बायकांचे कपडे शिवायची. हात, पाठ, पोट, मान, डोक्याचा केसांखालचा भाग, सगळीकडे चट्टे. माप घेताना गिऱ्हाइकाची नजर तिच्या हातांवर जायची आणि गिऱ्हाईक नकळत अंग चोरायचं. "मी टेप लावते छातीला, तिकडे बाईसाहेब श्वासच घेत नाहीत," ती सांगायची, "मग ब्लाउज घट्ट झाला म्हणून माझ्याच नावाने ओरडतात." हे ती हसत सांगायची. तिच्या तोंडापुढे मावशी हात टेकायच्या. पहिल्या वर्षी त्या तिला ताई म्हणायच्या, दुसऱ्या वर्षी तिनेच भांडून ते "तू"वर आणलं.

एवढ्या सगळ्या अंगात तिचे गुडघ्यापासूनचे पाय तेवढे स्वच्छ होते. का, ते कुणाला ठाऊक. डॉक्टरबाई म्हणायच्या, असतं एखाद्याचं तसं. तिला त्या पायांचं विलक्षण कौतुक. थंडी असो वारा असो, ती गुडघ्यापर्यंतचे फ्रॉक घालायची, स्वतः शिवलेले, आणि मोजे घालायची नाही. "दाखवायला एवढंच उरलंय मावशी, ते तरी मिरवू द्या," म्हणायची. शिवणयंत्र पायाचं होतं. दुकानात ती यंत्र अशा बेताने ठेवायची की येणाऱ्याची नजर आधी पायांवर पडावी.

त्या मंगळवारी मावशी सात वाजता आल्या, एप्रन चढवला, टब भरायला लावला आणि खिशात हात घातला तर मासा नाही. तोंडचं पाणी पळालं. मग आठवलं, कालचा एप्रन मातीने भरला म्हणून धुण्याच्या टोपलीत टाकला, मासा त्यात. टोपली तळघरात, धुणारी बाई आठला येऊन कुलूप उघडायची. मॅनेजरांच्या केबिनमध्ये एक मोठा थर्मामीटर होता, पण तो मागायचा म्हणजे कशाला हवा ते सांगावं लागणार. मावशींना थर्मामीटर हवाय ही बातमी दहा मिनिटांत चारही मजले फिरली असती.

टब भरत आला होता. बाहेर टेलरबाईच्या चपलांचा आवाज आला.

मावशींनी स्वेटरची बाही वर केली आणि कोपर पाण्यात घातला. खोलीत त्या एकट्याच होत्या. दोन श्वास थांबल्या. कोमट लागलं. आता ह्या कोपराला कोमट लागलं म्हणजे पाणी बरंच गरम असणार, हे त्यांना कळत होतं. किती, ते कळत नव्हतं. त्यांनी थंड पाण्याचा नळ थोडा सोडला. पुन्हा कोपर. पुन्हा कोमट. आणखी थोडा सोडला. आणि मग, का कोण जाणे, त्यांना वाटलं, पुरे. अठरा वर्षांचा हात आहे, खपलीच्या आत कोपर तोच आहे, तो असा एकदम परका कसा होईल. ह्याला गर्व म्हणायचं की घाई, ते त्यांना पुढे कधीही ठरवता आलं नाही. त्यांनी बाही खाली ओढली.

"ये, ये," त्या म्हणाल्या, "सदतीस."

टेलरबाई काठावर बसली, फ्रॉक मांडीवर गोळा केला आणि पाय सोडले. मावशी नेहमी ही पाच मिनिटं तिच्याजवळ बसायच्या, गप्पा मारायच्या. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि मॅनेजरांनी बोलावलं.

बाहेर मॅनेजर होते आणि कॅमेरा लटकवलेला एक माणूस. नवं माहितीपत्रक छापायचं होतं. "मुखपृष्ठावर तुमचा कोपर घेतोय मावशी," मॅनेजर खुशीत म्हणाले, "पाण्यात बुडवलेला, जवळून. खाली लिहू, इथे यंत्र नाही, माणूस आहे. कसं वाटतं?"



"साहेब, माझा म्हातारीचा कोपर काय बघायचाय लोकांना."

"तेच तर बघायचंय. अनुभव दिसला पाहिजे."

"आज खांदा फार धरलाय. बाही वर जात नाही."

"मग मी धरतो ना बाही," कॅमेरावाला म्हणाला.

मावशी हसल्या, काहीतरी बोलल्या, पुन्हा हसल्या. गुरुवारी घेऊ म्हणाल्या. गुरुवारी हा माणूस मोकळा नव्हता. मग शनिवारी. मॅनेजरांना शनिवार नको होता. मावशींना आयुष्यात कधी इतकं बोलावं लागलं नव्हतं. शेवटी कसंबसं शनिवारवर आणून त्या खोलीत परतल्या तेव्हा बारा मिनिटं झाली होती.

टेलरबाई काठावर तशीच बसली होती. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरलेला, ओठ दाताखाली दाबलेला, कपाळावर घाम.

"आज फारच चावतंय हो मावशी," ती म्हणाली. "पण म्हटलं, सोसायचं."

मावशींनी तिचे पाय बाहेर काढले. गुडघ्याच्या चार बोटं खाली एक सरळ रेघ होती, पाण्याच्या पातळीची. रेघेच्या वर तिची स्वच्छ गोरी कातडी, रेघेच्या खाली लाल, सुजलेले, उकडल्यासारखे पाय. नडगीवर दोन ठिकाणी फोड धरत होते.

"अगं, ओरडली का नाहीस? पाय का नाही काढलेस?"

"तुम्हीच म्हणता ना, पहिली पाच मिनिटं सोसायची," टेलरबाई म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं की काय चुकलं. "आणि तुम्ही सदतीस म्हणालात."

"बॉयलर," मावशी म्हणाल्या. शब्द तोंडातून कसा निघाला ते त्यांना कळलं नाही. "बॉयलर बिघडलाय. मागाहून गरम पाणी आलं असणार."

पायांवर थंड पाण्याची धार धरून, ओला टॉवेल गुंडाळून त्यांनी तिला खालच्या खोलीत नेऊन झोपवलं. डॉक्टरबाईंना फोन झाला. मग आठला कुलूप उघडल्यावर मावशी तळघरात गेल्या, धुण्याच्या टोपलीतून मासा शोधून काढला, वर आल्या आणि टबात सोडला. अर्धा तास उलटून गेला होता. माशाच्या पोटावर त्रेचाळीस होतं. सुरुवातीला किती असेल, ह्याचा हिशेब त्यांनी केला नाही. वाकून टबाचं बूच काढलं आणि पाणी गुरगुरत जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

डॉक्टरबाई दुपारी आल्या. पाय पाहिले, मलम दिलं. भाजणं वरवरचं आहे, म्हणाल्या, आठवडाभरात कातडी पूर्ववत होईल. मग चष्मा काढून पुसला. "एकच आहे. ह्या आजारात कातडीला जिथे इजा होते तिथे तो उमटू शकतो. कापलं, भाजलं, खरचटलं, तिथे. उमटेलच असं नाही. दोन-तीन आठवडे बघायचं."

टेलरबाईने आपल्या पायांकडे पाहिलं. 

बॉयलरवाल्याने मॅनेजरांची बोलणी खाल्ली. तो भला माणूस. संध्याकाळी मावशींकडे आला, हातात त्याची वही. "मावशी, मी तर दर तासाला नोंद करतो. साठच्या वर काटा गेलेला नाही. रोज साठच असतो, थंड पाणी तुम्ही मिसळता." मावशी खाली बघत राहिल्या. वही मिटून तो म्हणाला, "पण तुम्ही म्हणताय म्हणजे झाला असेल काहीतरी बिघाड. मी उद्या उघडून बघतो." आणि बिचाऱ्याने खरंच दुसऱ्या दिवशी सगळा बॉयलर उघडून पुसून बसवला.

रात्री मलम लावताना मावशींनी थोरलीला सगळं सांगितलं. थोरलीचा हात थांबला.

"सांगून टाकू का तिला?" मावशींनी विचारलं.

"सांगून तिचे पाय बरे होणार आहेत का?"

"नाही."

"मग?" थोरली पुन्हा मलम चोळायला लागली. "आपण दोघी काय करायचं ते सांग आधी. सत्तावन्नाव्या वर्षी तुला कोण ठेवणार आहे? आणि नाहीच उमटलं काही, तर? उगीच आपल्या हाताने आपल्या पायावर..."  दोघींनाही पायाचा विषय नको होता.

नाहीच उमटलं तर. ह्या तीन शब्दांवर मावशींनी पंधरा दिवस काढले. कामावर येताना रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक बाईचे पाय बघायच्या. टब भरताना मासा दोनदा, तीनदा सोडायच्या. टेलरबाई विश्रांती घेत होती. तिचा फोन यायचा, लाली उतरतेय, फोड सुकलेत, कातडी निघतेय, आतून छान गुलाबी आलीय. प्रत्येक फोननंतर मावशींना दोन घास जास्त जायचे.

ठरल्याप्रमाणे त्या शनिवारी कॅमेरावाला आला. मावशी रात्रभर जागून आल्या होत्या, सगळं कबूल करायचं किंवा आजाराची रजा टाकायची, काहीतरी ठरवून. मॅनेजर म्हणाले, "अहो मावशी, तुमचा खांदा दुखतोय तर राहू दे. शेजारच्या खोलीतल्या मुलीचा कोपर घेतला आम्ही. नुसता कोपरच दिसायचाय, चेहरा कुठे दिसतोय." त्या मुलीला लागून दोन महिने झाले होते आणि तिला पाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण तिचा कोपर नितळ होता. फोटो फार सुंदर आला. मावशी खोलीत जाऊन टबाच्या काठावर बसल्या. हेच जर त्या मंगळवारी मॅनेजरांना सुचलं असतं तर ती बारा मिनिटं झाली नसती. 

सतराव्या दिवशी, शुक्रवारी, टेलरबाई आली. तिच्या अंगात ढगळ पँट होती. बारा वर्षांत मावशींनी तिला पँटमध्ये पाहिलं नव्हतं. पाहिल्याबरोबर त्यांना कळलं. पुढचं पाहायची गरज नव्हती. तरी टेलरबाईने खुर्चीवर बसून पँटचे पाय वर गुंडाळले.

रेघेच्या वर काही नव्हतं. रेघेच्या खाली, दोन्ही पायांवर, घोट्यापर्यंत, लाल चट्टे उठले होते. काही सुटे, काही एकमेकांत मिसळलेले, कडेने चांदीसारखा पांढरा कोंडा. रेघ अगदी सरळ होती, टेलरबाईने स्वतः खडूने आखावी तशी.

"सोमवारी पहिला आला," ती म्हणाली. "मला वाटलं डास चावला. बुधवारी बारा झाले. आता मोजत नाही."



"यंत्र फिरवून ठेवलंय. आता भिंतीकडे तोंड करून बसते." तिने पँट तशीच राहू दिली. आवाजात हसू नव्हतं, रडूही नव्हतं. "मावशी, एक विचारते. बॉयलर बिघडला, ठीक आहे. पण माझ्या मनातून जात नाही. मला वाटतं पाणी काही इतकं गरम नसणारच. तुम्ही कोपर घातला होतात. तुमचा कोपर कधी चुकत नाही. मग माझेच पाय नासके. सगळं अंग नासलं, पाय तेवढे कसे राहतील, ते कारणच शोधत होते. असंच असेल ना? तसं असेल तर सांगा. म्हणजे मी नाद सोडते."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. सोमवारपासून ही बाई आपल्या पायांना बोल लावत होती. ज्या पायांचं हिने लेकरांसारखं कौतुक केलं त्यांना नासके म्हणत होती, आणि आपण मूग गिळून बसलो होतो. थोरलीचं म्हणणं, मॅनेजर, घर, सगळं त्यांना आठवलं, आणि त्यातलं काहीच आड आलं नाही. त्यांनी एप्रन काढला. स्वेटर काढला. दोन्ही हात पुढे केले.

"पाय नासके नव्हते," त्या म्हणाल्या. "बॉयलरलाही काही झालं नव्हतं. हा कोपर आहे तो. सव्वा वर्ष झालं. ह्याला पाणी कळत नाही. मला ठाऊक होतं, तरी मी सदतीस म्हणाले. तुझे पाय मी जाळले."

टेलरबाईने त्यांचा हात धरला. कापडाचा पोत बघावा तसा अंगठा खपलीवरून फिरवला. आधी तिने विचारलं ते जाणत्याने जाणत्याला विचारावं तसंच.

"डोक्यात आलंय?"

"थोडं. कानामागे."

"नखं?"

"अजून नाही."

मग तिचा अंगठा थांबला. मावशींनी मनाची तयारी केली होती. शिव्या, रडणं, मॅनेजरांकडे जाणं, सगळ्याची. सतरा दिवस त्या ह्याचीच उत्तरं मनात घोळवत होत्या.

"मावशी," टेलरबाई हळू म्हणाली, "तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"अठरा."

"दिवसातून किती वेळा कोपर घालायचा पाण्यात?"

"आठ. कधी दहा."

"ह्याच पाण्यात."

"ह्याच."

"आणि तरी आलं. बरोबर तिथेच आलं."

मावशींना तेव्हा कळलं की ती जळलेल्या पायांबद्दल बोलतच नाहीये. थोरलीने चेष्टेत विचारलेलं, त्यांनी सव्वा वर्ष दडपून ठेवलेलं, तेच हे. ह्याचं उत्तर त्यांनी तयार केलं नव्हतं.

"पाण्याने आवरतं," त्या म्हणाल्या. "जात नाही. डॉक्टरबाई सांगतातच." आपलेच शब्द त्यांना पोकळ लागले.

"मला माहीत आहे त्या काय सांगतात." टेलरबाईने त्यांचा हात सोडला. "बारा वर्षं, आठवड्यातून दोनदा. मला वाटायचं, मी आणखी थोडी नेटाने आले तर. एखाद्या वर्षी. तुमचे हात बघायचे मी, सुरुवातीची वर्षं. म्हणायचे, ह्यांचे हात बघ कसे आहेत, रोजच्या पाण्याने."

ती उठून जाईल असं मावशींना वाटलं. जायलाच हवं होतं तिने. आता पाण्यावर तिचा विश्वास उरला नाही, मावशींवर तर नाहीच, मग थांबायचं कशासाठी. मावशींना वाटलं, ही दोन थोबाडीत देऊन गेली असती तर बरं झालं असतं.

"भरा पाणी," टेलरबाई म्हणाली.

"आज?"

"मग काय करू? घरी जाऊन काय करू? परवापासून पायही खाजायला लागलेत. पाण्यात बसलं की दोन दिवस जरा थांबतं. दुसरं आहे काय मला?"

मावशींनी नळ सोडला.  टब भरला तसा त्यांनी खिशातून मासा काढला, तिच्या देखत पाण्यात सोडला, थंड पाणी घातलं, ढवळलं, पुन्हा पाहिलं. मासा उचलून तिच्यासमोर धरला.

"बघ. सदतीस. तूच वाच."

टेलरबाईने वाचलं. मान हलवली. काठावर बसली, सवयीने, आणि एक पाय उचलला. तो पाय पाण्यावर तसाच थांबला. मग तिने तो मागे घेतला, आपली बाही वर सारली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा कोपर पाण्यात घातला. तिच्या कोपरावरची खपली मावशींच्याहून जुनी आणि जाड होती. ती दोन श्वास थांबली, चार थांबली. मग तळवा घातला, भेगाळलेला. मग मनगट. पाणी कळावं असं जे काही तिच्या अंगावर होतं, ते पाय होते.

"मला कळत नाही," ती म्हणाली.

 बोलायला मावशींकडे सदतीस एवढाच शब्द होता.

"थोडं थांबू," टेलरबाई म्हणाली. "निवू दे."

दोघी काठावर बसल्या, एकीचे हात उघडे, एकीचे पाय. मासा पाण्यावर तरंगत होता. सदतीसचं छत्तीस झालं, मग पस्तीस. बाहेर पुढच्या पेशंटने दार वाजवलं आणि मावशींनी आतून "थांबा" म्हणून सांगितलं. पाणी तेहतिसावर आलं, त्यावरची वाफ कधीच गेली होती, खोलीत गारठा जाणवायला लागला होता, तरी टेलरबाईने पाय उचलला नाही.